लेकीची प्रायव्हेट डे स्कूलमधली चार वर्षं, अ‍ॅडमिशनपासून ग्रॅज्युएशनपर्यंत

मंडळाच्या गणपतीत नाहीतर कुणाच्या तरी बार्बेक्यूला हल्ली हा प्रश्न हमखास येतो, की न्यू जर्सीत पब्लिक स्कूल्स (म्हणजे सरकारी, बिनफीची) इतकी चांगली असताना तुम्ही लेकीला प्रायव्हेटला का घातलंत आणि एवढे पैसे भरून मिळालं काय? उभ्याउभ्या दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाहीये, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. लेक यंदा बारावी संपवून बाहेर पडली त्यामुळे नववी ते बारावी सगळं बघून झालंय. शाळेचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मला एका शाळेची जाहिरात करायची नाही, आणि या प्रकारच्या बऱ्याचशा शाळांचं काम थोड्याफार फरकाने असंच चालतं.

आधी एक गोष्ट. प्रेप स्कूल म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर बोर्डिंग येतं, मुलगी होस्टेलला राहणार वगैरे. ही डे स्कूल, सकाळी आठला शाळा आणि खेळ धरून संध्याकाळी सहाला घरी. कॉलेजची तयारी करून घेणं हे या शाळांचं उघड काम आहे, वर्गातलं प्रत्येक मूल पुढे चार वर्षांच्या कॉलेजला जाणार असं धरूनच सगळा अभ्यासक्रम बांधलेला असतो.

आम्ही का घातलं, तर लेक गप्प होती. मार्क चांगले, वागणूक चांगली, होमवर्क वेळेवर, आणि दर पेरेंट टीचर कॉन्फरन्सला तेच वाक्य, की ती वर्गात असली की छान वाटतं, बास. शिक्षकांचा दोष नव्हता, एकेका वर्गात अठ्ठावीस-तीस मुलं असताना जी पोरगी त्रास देत नाही तिच्याकडे कोण बघणार? पण आठवीपर्यंत तिने वर्गात स्वतःहून हात वर केलेला मला तरी आठवत नाही आणि मला ते खूप लागत होतं.

मग प्रोसेस. आठवीच्या सुरुवातीलाच, म्हणजे ऑक्टोबरमध्ये ओपन हाऊस, मग मुलीची मुलाखत, आई-वडिलांची वेगळी मुलाखत, एक दिवस तिथल्या नववीच्या मुलीबरोबर सगळ्या वर्गांना बसायचं, सध्याच्या शाळेतल्या इंग्लिश आणि मॅथ्सच्या शिक्षकांची पत्रं, आणि परीक्षा. परीक्षा दोनपैकी एक असते, आयएसईई किंवा एसएसएटी, आम्ही आयएसईई दिली. तिची अप्पर लेव्हल म्हणजे चार भाग आणि वर तीस मिनिटांचा निबंध. व्हर्बलमध्ये वीस मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे, समानार्थी शब्द आणि गाळलेल्या जागा, आणि शब्द असे की मला ऑफिसमध्ये इतकी वर्षं ईमेल लिहूनही डिक्शनरी उघडावी लागली. चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत (एसएसएटीत पाव मार्क कापतात, हे माहीत असणं फार गरजेचं आहे). निकाल १ ते ९ अशा स्टॅनाइनमध्ये येतो आणि तुलना होते ती मागच्या तीन वर्षांत हीच परीक्षा दिलेल्या त्याच इयत्तेच्या मुलांशी, म्हणजे जी सगळीच प्रायव्हेट स्कूलला जायला निघालेली असतात. त्यामुळे शाळेच्या टेस्टमध्ये नेहमी ९८-९९ पर्सेंटाइलला असणारं मूल इथे ६ किंवा ७ स्टॅनाइनला येतं आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. आमच्याकडे झालं. पण ६-७ हा अगदी चांगला स्कोअर आहे, घाबरू नका. आणि तो जो निबंध, त्याला मार्क नसतात पण तो जसाच्या तसा शाळेला जातो, त्यामुळे तो हलक्यात घेऊ नका.

पैशाचं स्पष्टच सांगते. आमच्या भागात अशा शाळेची वर्षाची फी ४५ ते ५० हजार डॉलरच्या घरात आहे, वर लॅपटॉप, पुस्तकं, ट्रिप, खेळाचे बूट. आणि फी भरूनही दर वर्षी अ‍ॅन्युअल फंडला देणगी द्या म्हणून फोन येतात. आम्ही फायनान्शियल एडचा फॉर्म भरला होता, त्यात टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा दाखला), घराचं कर्ज, सगळं द्यावं लागतं. दोघं नोकरी करतो म्हणजे काही मिळणार नाही असं गृहीत धरून फॉर्मच न भरणारे खूप मराठी लोक मला भेटलेत. भरा. आम्हाला थोडी का होईना मिळाली आणि त्या थोड्यावरच हो-नाही ठरलं. अजून एक, न्यू जर्सीत मूल नॉन-प्रॉफिट प्रायव्हेट शाळेत जात असेल, शाळा घरापासून वीस मैलांच्या आत आणि हायस्कूलसाठी अडीच मैलांपेक्षा लांब असेल, तर गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टला बस द्यावी लागते, किंवा ते परवडण्यासारखं नसेल तर त्याऐवजी पैसे, साधारण हजारेक डॉलर. त्याचा बी-सिक्स-टी नावाचा फॉर्म असतो. आपला टॅक्स आपण भरतोच ना, मग हक्काचं ते घ्यावं. आणि कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी तारखा नीट वाचा, बहुतेक ठिकाणी एक तारीख उलटली की मूल शाळेत गेलं नाही तरी पूर्ण वर्षाची फी देणं लागतं.

नववीचे पहिले दोन-तीन महिने वाईट गेले. वर्गात चौदा-पंधरा मुलं, आणि इंग्लिशच्या वर्गात बाक नाहीत, एक मोठं लंबगोल टेबल, त्याभोवती सगळी मुलं आणि त्यांच्यातच बसलेले सर. याला हार्कनेस म्हणतात, १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस नावाच्या दानशूर माणसाने न्यू हॅम्पशायरच्या फिलिप्स एक्सेटर शाळेला पैसे दिले तेव्हापासून ही पद्धत, आता कित्येक शाळांनी घेतलीये. सर शिकवत नाहीत असं पोरगी घरी येऊन सांगायला लागली. ते फक्त विचारतात, कुठल्या पानावर? कशावरून? आणि मग दुसऱ्याकडे बघतात.

पहिल्या कॉन्फरन्सला सरांनी आम्हाला एक कागद दाखवला. त्यावर टेबलाचा गोल, गोलाभोवती मुलांची आद्याक्षरं, आणि एका तासात कोण कुणाला उद्देशून बोललं त्याच्या पेन्सिलीने काढलेल्या रेघा. मध्ये रेघांचं नुसतं जाळं झालेलं, काही मुलांकडून तर आठ-दहा रेघा निघालेल्या. आमच्या लेकीच्या अक्षराकडे एकच रेघ जात होती, कुणीतरी तिला काही विचारलं होतं त्याची, आणि तिच्याकडून परत येणारी नव्हती. सर म्हणाले की तिच्या वहीत जे लिहिलेलं असतं ते वर्गात बोललं जातंय त्यापेक्षा चांगलं असतं, आणि ते बाकीच्यांना मिळत नाही हे बाकीच्यांचं नुकसान आहे. मी इतकी वर्षं ‘तुझं नुकसान होतंय, बोल, बोल’ असं पोरीच्या मागे लागले होते. ती न बोलल्याने दुसऱ्यांचं नुकसान होतं ही बाजू मला कधी सुचलीच नव्हती. तिला मात्र ती बरोबर पोचली. सरांनी तिला एक काम लावून दिलं, रोज तासाच्या आधी एक प्रश्न लिहून आणायचा आणि पहिला प्रश्न तिनेच विचारायचा, मग बाकी तास गप्प बसली तरी चालेल. डिसेंबरपर्यंत तो कागद बदलला. फार नाही, पण तिच्याकडून चार-पाच रेघा निघायला लागल्या होत्या, आणि एक तर थेट सरांकडे, त्यांचं म्हणणं खोडून काढणारी!

बाकीचं वेळापत्रक म्हणजे सोमवार-मंगळवार नाही, ए डे, बी डे असं फिरतं, त्यामुळे उद्या काय आहे हे पोरीलाच माहीत, आपल्याला नाही. परीक्षेच्या प्रत्येक पेपरवर स्वतःच्या हाताने ऑनरची प्रतिज्ञा, म्हणजे मी कॉपी केलेली नाही असं, लिहून सही करायची, आणि कधीकधी शिक्षक पेपर देऊन खुशाल बाहेर जातात. प्रत्येक मुलाला एक अ‍ॅडव्हायजर, त्याच्याकडे आठ-दहाच मुलं, तो चारही वर्षं तोच. रिपोर्ट कार्डमध्ये ग्रेडखाली प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने लिहिलेला भलामोठा परिच्छेद. माझ्या सासूबाई तेव्हा आल्या होत्या, त्यांनी मला ते सगळं मराठीत वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, अगं हे तर तिला ओळखतात!

खेळ कंपल्सरी. लेक कधी बसमागे धावलेली नाही, तिला क्रॉस कंट्रीत घातलं कारण त्या टीममध्ये कुणालाच वगळत नाहीत. पाच किलोमीटर, चिखल, चढ. ती शेवटच्या दहांत यायची आणि वरच्या वर्गातल्या मुली फिनिश लाइनला थांबून तिचं नाव घेऊन ओरडायच्या. बारावीतही ती मधल्या घोळक्यातच यायची, पण थांबून ओरडणाऱ्यांत आता ती होती.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे लिहायला बसले ती म्हणजे अकरावीचा हिस्टरी रिसर्च पेपर. सहा-सात महिने चालतो. विषय मुलाने निवडायचा, पण प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर आधीपासून कुठे लिहिलेलं नाही, मूळ कागदपत्रं वापरायची, शिकागो स्टाइलच्या तळटीपा, तीन ड्राफ्ट. लेकीने विषय घेतला पॅटरसनचा १९१३ चा रेशीम गिरणी कामगारांचा संप. पॅटरसन आमच्यापासून लांब नाही, डोसे-बिर्याणी खायला जाताना आपण हायवेवरून त्याच्या बाजूने निघून जातो. एकेकाळी त्याला सिल्क सिटी म्हणायचे. फेब्रुवारी १९१३ मध्ये संप सुरू झाला, वीस हजारांहून जास्त कामगार, बहुतेक इटली आणि पूर्व युरोपातून आलेले, मागणी आठ तासांच्या दिवसाची आणि मुख्य म्हणजे एका विणकराने दोनऐवजी चार माग चालवायचे या नव्या पद्धतीला विरोध.

पहिल्या ड्राफ्टवर टीचरने लाल पेनाने लिहिलं, चार माग चालवण्यात नक्की त्रास काय होता? माग तर यंत्रावर चालायचा. तुला हे स्वतःला कळलंय का?

पोरीला नव्हतं कळलं, आणि मलाही सांगता येईना. आणि माझे बाबा परळच्या एका मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते! १९८२ च्या संपापर्यंत. त्यानंतर मिल सुटली ती सुटलीच, आम्ही डोंबिवलीला आलो आणि बाबा त्याबद्दल घरात फारसं बोलले नाहीत. मी म्हटलं आजोबांना विचार. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला, पोरीचं मराठी रविवारच्या शाळेतलं, बाबांचं मालवणी वळणाचं, मी मध्ये बसले.

“आजोबा, माग तर मशीनवर चालतो ना, मग दोन काय आणि चार काय?”

बाबा आधी नुसते बघत राहिले. मग उठून उभे राहिले, फोन टेबलाला टेकवला आणि दोन हात दोन बाजूला करून दाखवायला लागले. “हो माग हय, हो हय, मी मधी. धोट्यातली कांडी संपली की दुसरी भरायची, ती संपता कधी ता डोळ्यांनी नाय, कानान कळता. इकडे कांडी बदलीत असताना तिकडे ताण्याचो धागो तुटलो तर माग थांबवायचो, गाठ मारायची. नाय मारली तर कापडात भोक. भोक गावला की पगारातून कापले. दोनांवर कान ऱ्हवता. चारांवर माणूस नुसतो धावता.” (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो, कांडी म्हणजे त्यातली सुताची गुंडाळी, आणि ताणा म्हणजे उभे धागे.) मग म्हणाले की मुंबईतही हेच, त्यांच्या वडिलांच्या वेळेला १९२८ मध्ये मोठा संप झाला होता त्यातही जास्त माग गळ्यात घालण्यावरूनच भांडण होतं. हे मला माझ्याच घरातलं माहीत नव्हतं. तो कॉल तासभर चालला आणि बाबा पूर्ण वेळ उभेच होते.

मला वाटलं झालं, पेपरला सोनं मिळालं. तर दुसऱ्या ड्राफ्टवर टीचरने लिहिलं की मुलाखत उत्तम आहे, तळटीप बरोबर दिलीये, पण मुंबईच्या सुताच्या मिलवरून पॅटरसनच्या रेशमाच्या गिरणीबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, हीच गोष्ट सांगणारा पॅटरसनचा माणूस शोध. तेव्हा मला राग आला होता, माझ्या बाबांचं म्हणणं पुरावा नाही का म्हणून. पण पोरगी शांतपणे म्हणाली, आई, मॅडम बरोबर आहेत. शाळेच्या लायब्ररियनने तिला सरकारच्या कमिशन ऑन इंडस्ट्रियल रिलेशन्सच्या कागदांपर्यंत नेलं. या कमिशनने १९१४ मध्ये पॅटरसनला येऊन मालक आणि कामगार दोघांच्या साक्षी घेतल्या होत्या आणि त्या छापून ठेवल्यात, शेकडो पानं. लेकीने कित्येक संध्याकाळी त्यात घालवल्या. आणि तिला विणकरांचं बोलणं सापडलं, जास्त मागांबद्दलचं, कामाच्या ताणाबद्दलचं, शब्द वेगळे पण बाबा उभे राहून जे दाखवत होते तेच.

एका शनिवारी आम्ही सगळे हॅलेडनला बोट्टो हाऊस बघायला गेलो. पॅटरसनमध्ये सभांना बंदी होती, शेजारच्या हॅलेडनचा मेयर सोशलिस्ट, त्यामुळे रविवारी हजारो कामगार तिथे जमायचे आणि या विणकराच्या घराच्या गॅलरीतून भाषणं व्हायची. आता तिथे लेबर म्युझियम आहे. मी गॅलरीचे फोटो बाबांना पाठवले, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ लिहिली, “आमच्याकडे डॉक्टरांचे भाषण मैदानात असायचे.” डॉक्टर म्हणजे दत्ता सामंत, हे मी पोरीला सांगितलं आणि मग अडीच लाख कामगार १८ जानेवारी १९८२ ला कसे बाहेर पडले तेही सांगितलं, गाडीत, परत येताना. पॅटरसनचा संपही हरलाच, जुलैच्या शेवटी लोक काही न मिळता कामावर गेले. लेकीच्या पेपरचं शेवटचं पान त्यावर आहे आणि त्यात आजोबा तळटीपेत आहेत, नावासकट, मुलाखतीच्या तारखेसकट. बाबांनी ते पान प्रिंट करून घेतलंय.

आता कॉलेजचं, ज्यासाठी लोक खरं तर विचारतात. आपल्या लोकांची पहिली काळजी एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) किती आहेत. आमच्या शाळेत कमीच होत्या, आणि हे फक्त आमच्याच शाळेत नाही, वॉशिंग्टन भागातल्या सिडवेल फ्रेंड्स वगैरे आठ प्रायव्हेट शाळांनी तर २०१८ मध्ये एपी बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं आणि त्याऐवजी स्वतःचे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स घेतले. शाळा प्रत्येक अर्जाबरोबर स्कूल प्रोफाइल पाठवते, त्यात इथे काय उपलब्ध आहे ते लिहिलेलं असतं, आणि मुलाला त्याच्या शाळेत जे मिळू शकलं असतं त्याच्यावरूनच जोखतात. शेजारच्या मुलाच्या अकरा एपी बघून झोप घालवू नका. एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, तर द्यावी लागलीच, आता डिजिटल आहे, पेपर लहान झालाय.

शाळेतल्या कॉलेज काउन्सेलरचा मात्र खरा फरक पडतो. तिच्याकडे चाळीसच्या आसपास मुलं होती. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन जास्तीत जास्त २५० म्हणते आणि पुष्कळ पब्लिक शाळांत तेवढंही जमत नाही. तिने लेकीचा कॉलेजच्या अर्जाचा ६५० शब्दांचा निबंध इतक्या वेळा परत पाठवला की लेक रडली. पण एक शब्दही स्वतः लिहून दिला नाही, आणि आम्हाला बाहेरचा महागडा कन्सल्टंट घ्यावा लागला नाही. प्रायव्हेटमधून आयव्हीला (हार्वर्ड, येल वगैरे) सोपं जातं हा समज मात्र डोक्यातून काढून टाका, तिच्या वर्गातली फार हुशार मुलं ठिकठिकाणाहून नाकारली गेली. लेकीलाही पहिल्या पसंतीचं मिळालं नाही. जिथे मिळालं तिथे ती हिस्टरी घेतेय, आणि हो, घरात त्यावर बरीच चर्चा झाली, नवरा अजून पूर्ण तयार नाही.

जे आवडलं नाही तेही लिहिते. श्रीमंती बोचते. सोळाव्या वाढदिवसाला गाडी, सुट्टीत स्कीइंग, आणि आपली पोर सोमवारी गप्प. दक्षिण आशियाई मुलांचा ग्रुप होता, दिवाळीला कार्यक्रम व्हायचा, पण दिवाळीची सुट्टी नाही, आमच्या गावच्या पब्लिक शाळेला होती. गावातल्या मैत्रिणी सुटल्या. आणि रात्री साडेअकरापर्यंत अभ्यास हे रोजचंच, झोपेचं खोबरं होतं, याबद्दल शाळा बोलते खूप, करत काही नाही.

धाकट्याला आम्ही तिथे घालणार नाही आहोत. तो सातवीत आहे, बोलका आहे, अति बोलका, आणि त्याला सोल्डरिंग गन हातात दिली की जेवण आठवत नाही. त्याच्यासाठी काउंटीच्या मॅग्नेट अ‍ॅकॅडमीचा (ठरावीक विषयांवर भर देणारी, परीक्षा घेऊन प्रवेश देणारी शाळा) विचार चाललाय, पब्लिक आहे, फी नाही, मिडलसेक्स काउंटीची एडिसनला आहे तशी. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

आणि ज्यांना प्रायव्हेट बघायचंच आहे त्यांनी ओपन हाऊसला नवीन स्विमिंग पूल आणि कॉलेजची यादी बघण्यात वेळ घालवू नका. तिथे शिक्षक उभे असतात, त्यांना विचारा की नववीतल्या एखाद्या मुलाचा तपासलेला निबंध बघायला मिळेल का, नाव झाकून. ज्या शाळेत लगेच काढून दाखवतात तिथे जानेवारीच्या आत अर्ज भरा, मुलाखतीची वेळ ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवा कारण नोव्हेंबरनंतर स्लॉट मिळत नाहीत, आणि फायनान्शियल एडचा फॉर्म त्याच आठवड्यात सुरू करा.